पोकेमॉन कार्ड गेमची वर्ल्ड चॅम्पियनशिप आणि आपली मुलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर सीझनला नवे पालक येतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात, आणि प्रश्न अगदी बरोबर असतात, म्हणून यावेळी एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. मी बरीच वर्षं ज्युनियर मुलांच्या टेबलांच्या आसपास उभा राहिलोय, आधी पालक म्हणून आणि मग मदतनीस म्हणून, त्यामुळे नियमांसोबत मला काय वाटतं तेही यात येईल. मध्ये मध्ये मुलांनी विचारलेले प्रश्न आहेत, त्यांना मी अरे-तुरेच करणार.

ही वर्ल्ड चॅम्पियनशिप नक्की काय आहे, कधीपासून आहे?

पोकेमॉनचा कार्ड गेम जपानमध्ये ऑक्टोबर 1996 मध्ये आला, इंग्रजी कार्डं जानेवारी 1999 मध्ये. सुरुवातीला इंग्रजी कार्डं विझार्ड्स ऑफ द कोस्ट ही कंपनी काढायची, 2003 मध्ये ते काम पोकेमॉनच्या स्वतःच्या कंपनीकडे आलं आणि लगेच पुढच्या वर्षी, 2004 मध्ये, ऑरलँडोला आत्ता जी चालू आहे ती वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू झाली. सगळे तिला नुसतं वर्ल्ड्स म्हणतात. 2009 पासून त्यात व्हिडिओ गेमची स्पर्धा पण असते, 2022 पासून पोकेमॉन गो आणि युनाइट या गेमच्या पण. 2020 आणि 2021 मध्ये कोरोनामुळे झालीच नाही. 2022 मध्ये लंडनला झाली, म्हणजे पहिल्यांदाच युरोपात, 2023 मध्ये योकोहामाला, म्हणजे गेम शेवटी आपल्या माहेरी गेला, मग 2024 मध्ये होनोलुलु, 2025 मध्ये अॅनाहाइम, आणि 2026 साठी सॅन फ्रान्सिस्को ठरलेलं आहे. साधारण ऑगस्टमध्ये असते.

वयाचे गट कसे असतात?

तीन गट. ज्युनियर, सीनियर, मास्टर्स. ढोबळमानाने बारा वर्षांपर्यंत ज्युनियर, मग सोळापर्यंत सीनियर, त्याच्या वर सगळे मास्टर्स, मग ते सतरा वर्षांचे असोत नाहीतर पन्नास. पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, वाढदिवस कधी आहे ते बघत नाहीत, जन्माचं साल बघतात, आणि अख्ख्या सीझनसाठी मूल एकाच गटात राहतं. म्हणजे जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं एकाच वर्षाचं मूल एकाच गटात. सीझन सुरू होताना त्या सीझनची सालं जाहीर होतात, ती बघून घ्या, कारण ज्या वर्षी मूल ज्युनियरमधून सीनियरमध्ये जातं ते वर्ष जड जातं. काल गटात सगळ्यात मोठं होतं ते आज सगळ्यात लहान होतं. त्या सीझनला निकालाची घाई करू नका.

ज्युनियर म्हणजे मुलांसाठी सोपे केलेले नियम असतात का?

नाही. हा गैरसमज मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो. ज्युनियर म्हणजे लिंबूटिंबू नाही. तेच 60 कार्डांचं डेक (म्हणजे खेळायचा गठ्ठा), तेच नियम, तोच वेळ, तेच डेक चेक (डेकची तपासणी). फरक एवढाच की समोर आपल्याच वयाचं मूल असतं आणि चूक झाली तर जज शिक्षा ठरवताना वय आणि अनुभव ध्यानात घेतात. छोट्या स्पर्धांना मुलं कमी आली तर ज्युनियर, सीनियर आणि मास्टर्स एकत्र खेळवतात आणि निकाल वेगवेगळा लावतात, तेव्हा नऊ वर्षांच्या मुलीसमोर तिच्या काकाच्या वयाचा माणूस बसू शकतो. हे मुलांना आधीच सांगून ठेवा. मुलं घाबरत नाहीत फारशी, पालकच घाबरतात.

वर्ल्ड्सला जायचं तर करायचं काय? फॉर्म भरून जाता येतं का?

फॉर्म भरून नाही, पात्र व्हावं लागतं. आधी मुलाच्या नावाचं पोकेमॉनच्या साइटवर अकाउंट आणि प्लेयर आयडी काढायचा, लहान मुलांचं पालकांच्या संमतीने पालकाच्या अकाउंटखाली निघतं. मग सीझनभर स्पर्धा खेळायच्या आणि चॅम्पियनशिप पॉइंट जमवायचे. सगळ्यात छोटी लीग चॅलेंज, तिच्या वर लीग कप, मग रीजनल, आणि सगळ्यात वर इंटरनॅशनल, जी 2016-17 च्या सीझनपासून सुरू झाली, तेव्हा उत्तर अमेरिका, लॅटिन अमेरिका, युरोप आणि ओशियानिया अशी चार होती, ओशियानियाची 2023 नंतर झालेली नाही. प्रत्येक पायरीवर किती नंबरापर्यंत पॉइंट मिळणार ते किती खेळाडू आले यावर असतं. आणि छोट्या स्पर्धा कितीही खेळलात तरी त्यातले ठरावीक संख्येचे सर्वोत्तम निकालच धरले जातात, म्हणजे दर शनिवार-रविवार मुलाला दमवून ढीगभर पॉइंट होत नाहीत.

किती पॉइंट लागतात ते विभागाप्रमाणे, वयाच्या गटाप्रमाणे आणि सीझनप्रमाणे बदलतं, त्यामुळे मागच्या वर्षीचा आकडा कुणी सांगितला तर त्यावर तिकिटं काढू नका, चालू सीझनचा बघा. जपान आणि कोरियाची पात्रतेची पद्धत वेगळी आहे, तिथली मुलं त्यांच्या देशातल्या स्पर्धांमधून येतात.

मी फोनवर पोकेमॉन पॉकेट खेळतो आणि माझी रँक खूप वर आहे, मग मी वर्ल्ड्स खेळू शकतो का?

वा, छान, पण पॉकेट वेगळा गेम आहे रे. पॉकेटमध्ये 20 कार्डांचं डेक, एका नावाची दोनच कार्डं, बेंचवर (म्हणजे मागे वाट बघणारे पोकेमॉन) तीन, आणि तीन पॉइंट झाले की डाव संपला. खऱ्या गेममध्ये 60 कार्डं, एका नावाची चार, बेंचवर पाच, आणि सहा प्राइझ कार्डं, म्हणजे सुरुवातीला आपल्याच डेकमधून उलटी बाजूला ठेवलेली, समोरच्याचा पोकेमॉन हरवला की उचलायची. पॉकेटमुळे तुला पोकेमॉन कसे वाढतात, हल्ला कसा करायचा हे कळलेलं असणार, ते वाया जात नाही. पण सराव करायचा असेल तर टीसीजी लाइव्ह (याच कार्ड गेमचं ऑनलाइन रूप) घे, ते फुकट आहे आणि त्यात नियम खऱ्या गेमचेच आहेत. आणि एक सांगतो, लाइव्हमध्ये डेक पिसणं, प्राइझ मांडणं, डॅमेज मोजणं सगळं कॉम्प्युटर करतो, त्यामुळे फक्त त्याच्यावर खेळलेली मुलं टेबलावर आली की गडबडतात. खरे पत्ते हातात घेऊन पण खेळ.

डेकचे नियम थोडक्यात सांगाल का?

बरोब्बर 60 कार्डं, 59 नाही 61 नाही. एकाच नावाची जास्तीत जास्त चार, बेसिक एनर्जी (हल्ल्यासाठी लागणारी साधी ऊर्जेची कार्डं) सोडून, ती कितीही. निदान एक बेसिक पोकेमॉन (जो थेट मैदानात ठेवता येतो) हवाच. एस स्पेक (खास ताकदीचं कार्ड) लिहिलेलं कार्ड अख्ख्या डेकमध्ये एकच. डाव सुरू होताना सात कार्डं हातात, त्यात एकही बेसिक पोकेमॉन नसेल तर हात दाखवायचा, परत पिसायचं आणि नवीन सात घ्यायची, आणि प्रत्येक वेळी समोरच्याला एक जादा कार्ड घेता येतं. तुमच्या डेकमध्ये दहा बेसिक असतील तर साधारण चारात एकदा हे होणारच, म्हणून ते झालं की मुलाने तोंड पाडायचं कारण नाही, हे गणित आहे, नशीब फुटकं नाही.

जिंकायचे रस्ते तीन: आपली सहाही प्राइझ कार्डं उचलली, समोरच्याकडे मैदानात एकही पोकेमॉन उरला नाही, किंवा त्याची पाळी सुरू झाली आणि त्याच्या डेकमध्ये उचलायला कार्डच नाही. तिसरा रस्ता मुलं विसरतात आणि उत्साहात कार्डं ओढत सुटतात आणि स्वतःचंच डेक संपवून बसतात.

घरात जुनी कार्डं पडलीत, ती चालतील?

बहुतेक नाही, पण बघायला हवं. कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत एक अक्षर असतं, त्याला रेग्युलेशन मार्क म्हणतात. दर वर्षी जुनी अक्षरं बाद होतात, याला रोटेशन म्हणतात. 11 एप्रिल 2025 च्या रोटेशनला एफ बाद झालं आणि जी, एच, आय राहिली. पुढे पण असंच सरकत जाणार. जुन्या कार्डावर अक्षर बाद झालेलं आहे पण त्याच नावाचं आणि तोच मजकूर असलेलं कार्ड नवीन अक्षराने परत छापलंय, असं असेल तर जुनं पण चालतं, म्हणून टाकून देण्याआधी तपासा. नवीन सेट पण बाजारात आल्या दिवशी लगेच चालत नाही, त्याची तारीख जाहीर होते. वर्ल्ड्सच्या अगदी आधी सेट आला असेल तर तो धरणार की नाही हे बघूनच डेक बांधा.

वर्ल्ड चॅम्पियनचं डेक विकत मिळतं म्हणे, तेच घेऊन खेळलं तर?

ती वर्ल्ड चॅम्पियनशिप डेक म्हणून जी तयार मिळतात त्यात ज्युनियर-सीनियर मुलांची डेक पण असतात, आणि सरावासाठी, शिकण्यासाठी फार सुंदर आहेत. पण त्यांची पाठ वेगळी असते आणि पुढे खेळाडूची सही छापलेली असते, स्पर्धेत ती चालत नाहीत. दर वर्षी एखादं मूल हे डेक घेऊन पहिल्या स्पर्धेला येतं आणि त्याचा चेहरा उतरतो, म्हणून इथे लिहितोय.

नकली कार्डं कशी ओळखायची?

रंग फिका किंवा भडक, अक्षर जाड, कागद पातळ, बाजूने धरलं तर मधली काळी रेघ नाही. खात्री नसेल तर स्पर्धेच्या आधी जजला दाखवा, विचारण्याला शिक्षा नाही. झेरॉक्स काढून चिकटवलेलं कार्ड पण चालत नाही. फक्त एक सूट आहे, कार्ड त्याच स्पर्धेत खेळताना खराब झालं तर हेड जज त्याच्या जागी प्रॉक्सी, म्हणजे बदली कार्ड, देऊ शकतात.

डेकलिस्ट आणि डेक चेक हा काय प्रकार आहे?

स्पर्धेआधी 60 कार्डांची यादी द्यावी लागते, कार्डाचं नाव, सेट, नंबर, किती. मोठ्या स्पर्धांना ऑनलाइन भरतात. नंतर मधल्या कुठल्याही फेरीला जज येतात, डेक घेऊन जातात आणि यादीशी ताडून बघतात, स्लीव्हज (कार्डांवरची प्लास्टिकची पाकिटं) पण बघतात. यादीत चूक असेल तर एक डाव जाऊ शकतो. आणि ज्युनियर मुलांचे डाव जितके यादीच्या चुकीमुळे जाताना मी पाहिलेत तितके वाईट खेळामुळे जाताना पाहिले नाहीत, खरंच सांगतो, कारण यादी बहुतेक वेळा रात्री उशिरा आईने किंवा बाबांनी भरलेली असते आणि मुलाने सकाळी दोन कार्डं बदललेली असतात आणि घरात कुणालाच पत्ता नसतो. मुलाला शेजारी बसवा, एकाने वाचायचं एकाने कार्ड मोजून बाजूला ठेवायचं, 60 झाली की डेक डब्यात बंद.

स्लीव्हज सगळी एकाच रंगाची, एकाच कंपनीची, शक्यतो नवीन. चार स्लीव्हज मळकी आणि बाकी नवी असली तर ती चार पाठीमागून ओळखू येतात, आणि नेमकी ती चार कार्डं एकसारखी असली तर मुलाने मुद्दाम केलं नसलं तरी अडचण होते.

दिवसभर खेळ कसा चालतो?

स्विस पद्धत. पहिल्या फेरीत हरलं म्हणून घरी, असं नसतं. प्रत्येक फेरीला साधारण आपल्याइतकेच पॉइंट असलेल्याशी जोडी लागते. जिंकलं तर 3 पॉइंट, बरोबरी 1, हरलं 0. ठरावीक फेऱ्या झाल्या की वरचे काही टॉप कटला जातात आणि तिथून मात्र हरलं की बाहेर. पॉइंट सारखे असतील तर आपण ज्यांच्याशी खेळलो त्यांनी दिवसभर कसं केलं त्यावरून वरखाली ठरतं, म्हणून पहिल्या फेरीत आपल्याला हरवणाऱ्या पोरीला दिवसभर शुभेच्छा द्या, ती जिंकत राहिली तर फायदा आपलाच.

मोठ्या स्पर्धांना एक मॅच तीन डावांची, दोन जिंकले की मॅच जिंकली, वेळ 50 मिनिटं. वेळ संपली की चालू पाळी पूर्ण करायची आणि मग अजून तीन पाळ्या. तेवढ्यात तिसरा डाव संपला नाही आणि 1-1 असेल तर बरोबरी. पहिला जिंकलाय आणि दुसरा अर्धवट राहिला तर पहिला जिंकणाऱ्याची मॅच.

आता यातली खरी गोम सांगतो, कारण ही कुणी समजावून सांगत नाही. दोन बरोबऱ्यांचे 2 पॉइंट होतात आणि एक विजय एक पराभव याचे 3. म्हणजे बरोबरी ही अर्धी जीत नाहीच, ती जवळजवळ हारच आहे. आणि मुलांच्या बरोबऱ्या का होतात तर पहिला डाव हातातून गेलेला दिसत असतानाही ते शेवटच्या प्राइझपर्यंत खेचत बसतात, त्यात तीस-पस्तीस मिनिटं जातात, मग दुसरा कसाबसा जिंकतात आणि तिसऱ्याला वेळच उरत नाही. गेलेला डाव सोडून द्यायला शिकवा. "हा तुझा, चल पुढचा" असं म्हणून पत्ते गोळा करणं म्हणजे हार मानणं नाही, उरलेल्या दोन डावांसाठी वेळ राखणं आहे. हे मोठ्यांना पण जमत नाही, पण ज्या मुलांना जमतं ती पुढे जातात. उलट बाजूने मुद्दाम हळू खेळून वेळ काढणं हा गुन्हा आहे, त्यात शिक्षा होते, आणि तो शुद्ध रडीचा डाव आहे.

दोन पालकांनी आपापसात ठरवून निकाल लावला तर?

अजिबात नको. बरोबरी मान्य करणं किंवा मॅच सोडून देणं हे खेळाडूंना करता येतं, पण त्याच्या बदल्यात काही देणं, कार्ड, पैसे, बक्षिसातला वाटा, किंवा फासा टाकून विजेता ठरवणं, यात थेट स्पर्धेतून बाद. मुलांना हे माहीत नसतं, ती निरागसपणे म्हणतात "चल नाणं उडवू". आधीच सांगून ठेवा.

आम्ही पालकांनी कुठे थांबायचं? टेबलाजवळ उभं राहिलं तर चालतं का?

वर्ल्ड्सला आणि बहुतेक मोठ्या स्पर्धांना खेळण्याची जागा वेगळी आखलेली असते आणि पालक दोरीच्या बाहेर. पण मुलाचे पालक त्या ठिकाणी हजर असणं गरजेचं आहे, सोडून बाजारात जायचं नाही. बाहेरून खुणा करणं, खोकणं, मान हलवणं, "बघ नीट" म्हणणं, हे सगळं कोचिंगमध्ये धरतात आणि शिक्षा तुमच्या मुलाला होते, तुम्हाला नाही.

मला कळतं हे किती अवघड आहे. मी स्वतः लांबून बघितलंय की माझ्या पोराच्या हातात जिंकायचं कार्ड आहे आणि तो दुसरंच खेळतोय, आणि मी काही म्हणजे काहीच करू शकत नाही. पण या खेळाची सगळी मजा, आणि मी मुलांना यात का आणतो त्याचं कारण, हेच आहे. 50 मिनिटं ते मूल एकटं असतं. त्याने विचार करायचा, त्याने ठरवायचं, समोरच्याशी बोलायचं, चूक झाली तर हात वर करायचा. शाळेत शिक्षक असतात, घरी आपण असतो, टेबलावर तोच असतो. तुमची सगळी मदत त्याच्या आधी आणि नंतर. जेवण, पाणी, झोप, डेकलिस्ट, आणि मॅच झाल्यावर ऐकून घेणं.

जजला बोलवायची भीती वाटते, समोरचा चिडला तर?

अगं, जज तुझ्यासाठीच आहेत. हात वर कर आणि मोठ्याने "जज" म्हण, बस. कार्डाचा अर्थ कळला नाही, समोरच्याने एकाच पाळीत दोनदा सपोर्टर (पाळीत एकदाच खेळता येणारं मदतीचं कार्ड) खेळला असं वाटतंय, प्राइझ पाच मांडलीत की सहा गोंधळ झालाय, वेळ किती राहिला, काहीही असू दे. जज येईपर्यंत पत्त्यांना हात लावायचा नाही, म्हणजे काय झालं ते त्यांना दिसतं. समोरचा म्हणाला "जज नको, आपण मिटवू" तरी पण बोलवायचं. जज बोलावणं म्हणजे चहाडी नाही. आणि जजचं म्हणणं पटलं नाही तर शांतपणे "मला हेड जजशी बोलायचंय" असं म्हणता येतं, तो तुझा हक्क आहे. हेड जजनी सांगितलं की मग मात्र विषय संपला, पुढे खेळायचं.

मुलाकडून चूक झाली तर काय होतं?

चूक आणि फसवणूक यात फरक करतात. चुकून जादा कार्ड उचललं, सपोर्टर दोनदा खेळला, डॅमेज चुकीचं मोजलं, तर समज किंवा ताकीद मिळते आणि जमेल तसा डाव पूर्ववत करतात. परत परत झालं किंवा दुरुस्तच होणार नाही इतकं बिघडलं तर डाव जातो. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पहिली पाळी. जो पहिल्यांदा खेळतो त्याला पहिल्या पाळीत हल्ला करता येत नाही आणि सपोर्टर पण खेळता येत नाही, मुलं दुसरा अर्धा विसरतात. स्वतःची चूक दिसली तर मुलाने स्वतःच जज बोलवावा. असं करणाऱ्या मुलाला जज लक्षात ठेवतात, चांगल्या अर्थाने.

मुद्दाम केलं, खोटं बोललं, तर बाद, वय काहीही असो. आणि वागणुकीचं पण तसंच. 2024 मध्ये होनोलुलुला मास्टर्स गटात अगदी वर पोचलेला एक खेळाडू कॅमेऱ्यासमोर केलेल्या अश्लील हावभावामुळे बाद झाला, एका क्षणात सगळं गेलं. मुलांना हे सांगा, घाबरवायला नाही, पण इतक्या वर सुद्धा नियम तोच आहे हे कळावं म्हणून.

समोरचं मूल दुसरी भाषा बोलत असेल तर खेळ कसा होणार?

होतो, आणि फार गोड होतो. वर्ल्ड्सला चित्र बघून कार्ड ओळखतात, बोटांनी आकडे दाखवतात, हल्ला केला की डॅमेज हाताने मांडतात. मी दोन मुलांना एक सुद्धा सामाईक शब्द नसताना तीन डाव खेळून शेवटी पिन बदलून मिठी मारताना पाहिलंय. पण कार्डावरच्या मजकुराची शंका आली तर अंदाज करायचा नाही, जज बोलवायचा, ते अधिकृत मजकूर सांगतात. आपल्या मुलाला एवढंच शिकवा की प्रत्येक कार्ड खेळताना ते समोरच्याला नीट दाखवून एक क्षण थांबायचं.

माझे हात लहान आहेत, 60 कार्डं पिसता येत नाहीत.

हा त्रास तुझ्या वयाच्या सगळ्यांना होतो. डेकचे दोन-तीन भाग कर, एक भाग दुसऱ्यात वरून हळू सरकव, मग तिसऱ्यात, असं सात-आठ वेळा. टीव्ही बघताना स्लीव्हज लावलेले जुने पत्ते घेऊन सराव कर. गठ्ठे पाडून मोजणं म्हणजे पिसणं नाही, ते फक्त डावाच्या सुरुवातीला मोजण्यापुरतं. पिसून झालं की समोरच्यापुढे ठेवायचं, तो कापेल किंवा पिसेल, आणि त्याचं डेक तू पण कापायचं. अगदीच जमत नसेल तर जजला सांग.

स्पर्धेआधी कशाचा सराव करावा?

एकच डेक धरा. दर आठवड्याला नवीन डेक देऊ नका, इंटरनेटवर कुणी काय जिंकलं ते बघून. एका डेकचे शंभर डाव खेळलेलं मूल बहुतेक वेळा सगळ्यात महागडं डेक काल हातात घेतलेल्या मुलाला भारी पडतं.

मग प्राइझ चेक. पहिल्यांदा डेकमध्ये शोधायची संधी मिळाली की डेकमध्ये काय नाही ते बघायचं, म्हणजे प्राइझमध्ये काय अडकलंय ते कळतं. डेकमध्ये एकच प्रत असलेलं कार्ड प्राइझमध्ये जाण्याची शक्यता 60 पैकी 6, म्हणजे दहात एकदा. दहा मॅच, म्हणजे वीस-पंचवीस डाव, खेळणाऱ्या मुलाला हे दिवसात दोन-तीनदा सहज भेटतं. आणि चार प्रती ठेवल्या तरी पहिल्या सात कार्डांत त्यातली एखादी येण्याची शक्यता साधारण 40 टक्केच असते, म्हणून "चार ठेवलीत तरी येतच नाही" ही तक्रार बरोबर नाही. घरी नुसतं डेक पिसून, सहा बाजूला ठेवून, अर्ध्या मिनिटात कुठली सहा आहेत ते ओळखायचा खेळ खेळा, मुलांना खूप आवडतो.

बॅगेत काय काय न्यायचं?

डेक, जादा स्लीव्हज निदान दहा, डॅमेज काउंटर किंवा फासे, विषबाधा आणि भाजल्याच्या खुणा, नाणं किंवा फासा, कोरा कागद आणि पेन. मॅचमध्ये टिपणं काढता येतात पण कागद सुरुवातीला कोरा हवा, घरून लिहून आणलेलं चालत नाही. फोन आणि स्मार्टवॉच मॅच चालू असताना नाही. पाणी, कोरडा खाऊ, एक जॅकेट, हॉलमध्ये एसी फार असतो. आणि डेकच्या डब्यात नाव-पत्ता घालू नका, प्लेयर आयडी पुरे.

परदेशी जाताना कागदपत्रांचं?

पासपोर्टची मुदत आणि व्हिसा आमंत्रण मिळायच्या आधीपासून बघायला लागा, सीझन संपल्यावर हातात फार कमी आठवडे असतात. मुलासोबत एकच पालक जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र घ्या. आणि जमलं तर दोन-तीन दिवस आधी पोचा. झोपेचं चक्र उलटं झालेलं मूल तिसऱ्या फेरीला पेंगतं आणि मग डेकला दोष देतं.

तिथे कार्डांची अदलाबदल करू द्यावी का?

करू द्या, पण स्पर्धेच्या डेकमधली कार्डं डब्याबाहेर काढायची नाहीत आणि मोठ्या माणसाशी अदलाबदल असेल तर तुम्ही शेजारी. मुलाला "मला आईला विचारायचंय" हे वाक्य पाठ करून द्या. खरा ट्रेडर थांबतो. जो घाई करतो त्याच्याशी करायचं नाही.

हरून आला की रडतो, काय करू?

रडू द्या. पहिली दहा मिनिटं डेक, चूक, "असं का नाही खेळलास" यातलं काही नको. पाणी, काहीतरी खायला, थोडं चालणं. पुढची फेरी असते, ती तो स्वतः खेळणार आहे, आणि तुमच्या चेहऱ्यावर काय आहे ते तो तुमच्या शब्दांपेक्षा आधी वाचतो. खेळाबद्दल बोलायचं ते रात्री किंवा दुसऱ्या दिवशी, आणि तेव्हा पण त्यालाच सांगू द्या, काय झालं ते. बहुतेक वेळा त्याला स्वतःची चूक माहीत असते.

मधेच सोडायचं असेल तर सोडता येतं, त्याला ड्रॉप म्हणतात, पण पुढच्या जोड्या लागायच्या आधी सांगा, नाहीतर समोरचं मूल टेबलावर वाट बघत बसतं.

यु-गी-ओहच्या मुलांसाठी पण असं आहे का?

आहे. यु-गी-ओह या दुसऱ्या कार्ड गेममध्ये लहान मुलांच्या गटाला ड्रॅगन ड्युएल म्हणतात. नियम, डेक, पात्रता सगळं वेगळं, त्याबद्दल मी इथे लिहीत नाही कारण मी त्या टेबलांजवळ इतका उभा राहिलो नाही.

मी वर्ल्ड्सला पोचलो आणि पहिल्याच दिवशी बाहेर झालो तर बाकीचे दिवस काय करायचं?

अरे, बाकीचे दिवस तर भरलेले असतात! साइड इव्हेंट दिवसभर चालू असतात, छोट्या छोट्या स्पर्धा, कुणीही नाव देऊन बसायचं, आणि जिंकलेल्या तिकिटांवर बक्षिसं घ्यायची. पोकेमॉन सेंटरचं दुकान असतं, त्याची वेळ आधी बुक करावी लागते, ते बाबांना आत्ताच सांगून ठेव. मोठ्या पडद्यावर मॅच दाखवतात, व्हिडिओ गेमचे, गोचे, युनाइटचे सामने असतात. आणि ज्याच्याकडून हरलास ना, त्याला शोध आणि विचार "परत एक डाव खेळतोस का", यावेळी घड्याळ नाही, जज नाही. त्याने कुठलं कार्ड का ठेवलं होतं ते विचार. तो हसत हसत सगळं डेक उलगडून दाखवेल.